बिऱ्हाड नागऱ्यात, कंपनी टालिनला

साहित्य: मुदत न संपलेला एक पासपोर्ट, एक लॅपटॉप, ओळखीचा एक सीए, दुपारची लाइट आणि इंग्रजी फॉर्मला न घाबरणारा एक भाचा. घरात भाचा नसल्यास शेजाऱ्याचा चालतो. लाइट नसल्यास थांबावे.

कृती सांगण्याआधी माझा अधिकार सांगतो. गोंदियाहून बालाघाटकडे निघालं की लगेच नागरा लागतं. तिथे माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सात-बारा, पॅन कार्ड, शिष्यवृत्ती, आणि हंगामात आधारभूत केंद्रावर धान विकण्याची नोंदणी. महाशिवरात्रीला आमच्या जुन्या शिवमंदिरापुढे लागते तशी रांग नोंदणीच्या शेवटच्या दिवशी माझ्या दारात लागते. फरक एवढाच, की देवळातून माणूस दर्शन घेऊन परततो आणि माझ्याकडून "सर्वर डाउन आहे, उद्या या" हे ऐकून. असा माणूस परदेशात कंपनी काढण्याविषयी काय सांगणार, असं कुणाला वाटेल. पण आजवर जेवढे फॉर्म मी पाहिले, त्यांत सर्वांत कमी छळणारा हाच निघाला. छळ सुरू झाला तो नंतर, नि इकडच्या बाजूनं.

पहिली पायरी: कारण. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलेला माझा भाचा पडवीत बसून जर्मनीतल्या लोकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. एक दिवस म्हणाला, "मामा, कंपनी काढाची आहे. एस्टोनियात." मला वाटलं, बालाघाट रोडला नवीन ले-आउट पडला असेल. त्यानं नकाशा दाखवला. बाल्टिक समुद्राच्या काठी, फिनलंडच्या खाली. लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास. मी म्हटलं, एवढी तर आपल्या जिल्ह्याची आहे, आणि ते खरंच आहे: २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्हा १३ लाख २२ हजार भरला होता. जमीन मात्र त्यांना आपल्या आठपटीहून थोडी जास्त. म्हणजे गोंदिया जिल्ह्याला वेगळा देश करून आठपट मोकळी जागा दिली, की एस्टोनिया. फक्त धान नाही आणि लाइट जात नाही.

या देशानं डिसेंबर २०१४ मध्ये 'ई-रेसिडेन्सी' नावाची गोष्ट काढली. जगात कुठंही राहणाऱ्या माणसाला ते एक कार्ड देतात. त्या कार्डानं घरबसल्या सही करता येते आणि कंपनी काढता येते. पहिलं कार्ड एडवर्ड लुकस नावाच्या ब्रिटिश पत्रकाराला मिळालं. आज असे कार्डवाले लाखावर आहेत. नवशिक्यांनी इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण माझ्या बहिणीनं ती चुकीची समजून पेढे वाटले होते: हे कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, व्हिसा नव्हे, तिथं राहण्याचा परवानाही नव्हे. ते दाखवून राजधानी टालिनच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकता येत नाही. 'रेसिडेन्सी' हा शब्द त्यात आहे; राहणं तेवढं नाही.

तेव्हा 'अनिवासी' म्हणजे कोण, हे इथंच उरकून टाकू. आमच्याकडे परसवाड्याच्या तलावावर हिवाळ्यात परदेशी बदकं उतरतात. ती अनिवासी. सारस बारा महिने धानाच्या बांधीत दिसतो. तो निवासी. भाचा सारस आहे. आयकर खातं साधारणपणे वर्षातले १८२ दिवस मोजतं. हा गेल्या वर्षी नागऱ्याबाहेर गेला तो आमगावला एका लग्नाला. म्हणजे इथं तो पक्का निवासी आणि एस्टोनियाच्या कागदावर पक्का अनिवासी. एकाच खाटेवर बसून माणूस एकाच वेळी दोन्ही असू शकतो. ही सोय मला आधी ठाऊक नव्हती.

पण गोंदियाला हा प्रकार नवा नाही. आमच्या स्टेशनातून जाणाऱ्या मुंबई-हावडा लाइनचा इकडचा टप्पा ज्या बंगाल नागपूर रेल्वेकडे होता, ती लंडनची कंपनी होती, १८८७ साली निघालेली. संचालक लंडनला, भागधारक लंडनला, रूळ आमच्या धानाच्या बांध्यांमधून. १ ऑक्टोबर १९४४ रोजी सरकारनं ती ताब्यात घेईपर्यंत तिनं गोंदियावरून गाड्या पळवल्या, इथून जबलपूरकडे छोटी लाइनही नेली. त्या साहेबांपैकी कुणाचं आधार कार्ड कुणी मागितलं नाही. पत्त्याचा पुरावा म्हणून लाइट बिलही नाही. भाच्यानं उलट दिशेनं तेच करायचं ठरवलं, तर त्यासाठी ही पुस्तिका लिहावी लागते.

दुसरी पायरी: देश निवडणे. भाच्याचा देश ठरलेला होता, पण मार्गदर्शक म्हटलं की बाकीची दुकानंही दाखवली पाहिजेत.

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात विल्मिंग्टन नावाचं गाव आहे. तिथं ऑरेंज स्ट्रीटवर १२०९ नंबरची एक बसकी इमारत आहे. त्या एका पत्त्यावर दोन लाख ऐंशी हजारांहून जास्त कंपन्या नोंदल्याचं २०१२ मध्ये छापून आलं होतं. नागऱ्याची जत्रा कितीही भरली तरी एका धर्मशाळेत एवढी माणसं आम्ही कोंबत नाही. तिथं एलएलसी प्रकारची कंपनी काढणं सोपं, वर्षाला ३०० डॉलर राज्याला दिले की झालं. मात्र एकट्या परदेशी मालकाची एलएलसी असली, की मालक नि कंपनी यांच्यातल्या देवघेवीचा ५४७२ नंबरचा फॉर्म तिकडच्या आयकर खात्याला द्यायचा असतो, आणि तो राहिला तर दंड २५,००० डॉलर. धंदा शून्य असला तरी मालकानं खिशातून भरलेली फीसुद्धा देवघेवच. हे वाचून भाच्यानं अमेरिकेचं पान बंद केलं.

सिंगापूरला भांडवल एक डॉलर चालतं, पण निदान एक संचालक तिथं राहणारा लागतो. आमचं सिंगापुरात कुणी नाही. पुढे चला.

इंग्लंडवर मात्र मी दोन दिवस काढले, ते करमणूक म्हणून. तिथं कंपनीची नोंदणी वर्षानुवर्षे १२ पौंडांत व्हायची. १ मे २०२४ ला ती एकदम ५० पौंड झाली. १ मे हा महाराष्ट्र दिन, आणि १९९९ साली त्याच तारखेला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. आम्हाला वाढदिवसाची ही भेट त्यांनी कशी द्यावी, कळत नाही. फॉर्ममध्ये धंद्याचा पाच आकडी संकेतांक निवडावा लागतो. मी यादी खाली सरकवत गेलो आणि थांबलो: ०११२०, धानाची लागवड. ज्या देशाच्या शेतात धान सहसा दिसत नाही त्यांच्या यादीत धानाला स्वतंत्र आकडा, आणि रोवणीच्या हंगामात आमच्या पोर्टलवर पिकाचं नाव शोधता शोधता माझी दुपार जाते. त्याच यादीत सर्वांत शेवटी ९९९९९ आहे: झोपलेली कंपनी. काही न करणाऱ्या कंपनीलाही नंबर. पण झोपलीय म्हणून सुटका नाही. तिचाही वार्षिक हिशेब द्यावाच लागतो. एक दिवस उशीर झाला तरी दंड १५० पौंड, महिना उलटला की ३७५, तीन महिन्यांनंतर ७५०, सहा महिन्यांनंतर १५००. आमच्याकडे झोपलेल्या माणसाला एवढं कुणी उठवत नाही.

तिसरी पायरी: नाव. इथं आमचे आठ दिवस गेले. भाच्याला गावाचं नाव हवं होतं: नागरा सॉफ्टवेअर. शोधलं तर युरोपात 'नागरा' आधीच बसलेलं. पोलंडहून निर्वासित होऊन स्वित्झर्लंडमध्ये स्थिरावलेल्या स्टेफान कुडेल्स्की नावाच्या इंजिनिअरनं १९५१ मध्ये हातात नेता येईल असा टेपरेकॉर्डर बनवला आणि त्याला नाव दिलं नागरा. पोलिश भाषेत त्याचा अर्थ 'रेकॉर्ड करील'. पुढे जगभरच्या सिनेमावाल्यांनी कलाकारांचे आवाज त्याच्यावर पकडले. शंकराचं देऊळ कितीही जुनं असलं तरी ट्रेडमार्कचा जुनेपणा वेगळा मोजतात.

मग भाचा म्हणाला, धानाच्या वाणाचं नाव देऊ. एचएमटी? ती घड्याळाची कंपनी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी बांधीत वेगळी लोंबी हेरली, ती जपून वाण तयार केलं, आणि त्या काळी सगळ्यांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्याला पडलं. आमच्याकडे घड्याळाचं नाव धानाला चालतं; युरोपात टेपरेकॉर्डरचं नाव सॉफ्टवेअरला चालत नाही. चिन्नोर म्हणावं तर त्याचं भौगोलिक मानांकन बालाघाटनंही घेतलंय आणि भंडाऱ्यानंही. शेवटी एक नाव ठरलं. ते सांगत नाही, नाहीतर त्याचाही कुणी मालक निघायचा.

चौथी पायरी: स्वतःचं नाव. कंपनीच्या नावापेक्षा हे अवघड, म्हणून नवशिक्यांनी खरं तर इथूनच सुरुवात करावी. आमच्या गावाचं स्पेलिंग इंग्रजीत दोन 'ए'नी होतं आणि तीन 'ए'नीही. आधारवर दोन, पासपोर्टवर तीन, बँकेच्या पासबुकात मधे एक 'एन' जास्तीचा घुसून नांगरा झालेलं. भाच्याच्या वडिलांच्या नावात एका कागदावर 'राव' आहे, दुसऱ्यावर गळालेला. आपल्याला यात काही वाटत नाही. हाक मारली की माणूस वळून बघतो. परदेशातल्या यंत्राला मात्र हे तीन गावांचे दोन बापलेक वाटतात. माझा सल्ला असा, की आधी सगळे कागद एका अक्षरावर आणा. त्यासाठी लागणारा वेळ मी लिहीत नाही. ते काम माझ्याच दुकानात होतं.

पाचवी पायरी: कार्ड आणणे. अर्ज ऑनलाइन, फी दीडशे युरोंच्या आसपास, सोबत पासपोर्टची प्रत, फोटो आणि 'तुम्हाला हे का हवं' यावर चार ओळी. भाच्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, की ग्राहक युरोपात आहेत आणि घर सोडायचं नाही. मंजूर झालं. कार्ड मात्र टपालानं घरी येत नाही. ते दिल्लीच्या वकिलातीत स्वतः जाऊन, बोटांचे ठसे देऊन घ्यावं लागतं.

ठसे म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. दिवस रोवणीचे. आमच्या घरची रोवणी दोन दिवसांपूर्वी संपली होती आणि भाचा चार दिवस चिखलात उभा राहून पऱ्हे लावत होता. पऱ्ह्याची जुडी सोडायची, तीन बोटांनी दोन-चार काड्या धरायच्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या. असं हजारदा केलं की बोटाच्या रेषा घासून जातात. माझ्या दुकानात पावसाळ्यात निम्म्या बायांचा अंगठा यंत्र घेत नाही. रेशनच्या दुकानातही हीच बोंब. त्यावर आमचा उपाय ठरलेला आहे: बोट ओल्या फडक्यानं पुसायचं, मग डोक्याच्या केसांत दोन-तीनदा घासायचं. केसातलं खोबरेल बोटाला लागतं आणि ठसा उमटतो. शास्त्र मला माहीत नाही, रांग पुढे सरकते हे माहीत आहे.

भाचा गोंडवाना एक्सप्रेसनं, म्हणजे निदान नागपूरपर्यंत त्या जुन्या लंडनच्या कंपनीच्याच वाटेनं, दिल्लीला गेला. वकिलातीत काचेमागच्या बाईंनी नम्रपणे बोट ठेवायला सांगितलं. पहिल्यांदा लाल दिवा. दुसऱ्यांदा लाल. मग त्यानं बाईंकडे बघत बोट डोक्यात घातलं, दोनदा घासलं आणि पुन्हा ठेवलं. हिरवा. बाईंनी काय समजून घेतलं कोण जाणे. जगातल्या सर्वांत डिजिटल म्हणवणाऱ्या सरकारच्या यंत्रावर नागऱ्याचं खोबरेल चाललं, एवढं मी दुकानाच्या पाटीवर लिहिणार होतो. भाच्यानं लिहू दिलं नाही.

कार्डासोबत यूएसबीला लावायचा एक रीडर येतो आणि पाकिटात दोन पिन: ओळख पटवायला चार आकडी, सही करायला पाच आकडी. तीनदा चुकले की कुलूप. हे आकडे कुठं लिहू नयेत असं पाकिटावर सांगितलेलं असतं. भाच्यानं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या रतिबाखाली, पेन्सिलीनं लिहिले. महिनाअखेरीस माझ्या बहिणीनं बेरीज केली आणि गवळ्याला सांगितलं, या महिन्यात एवढ्याचं दूध आमच्याकडे आलंच कसं!

सहावी पायरी, प्रत्यक्ष नोंदणी. ही सांगायला फार नाही. तिथं तुमच्या वतीनं टपाल घेणारा एक परवानाधारक संपर्क-माणूस लागतो, त्याला दरवर्षी पैसे. नोंदणीची फी अडीचशे युरोंच्या वर. भांडवल पूर्वी २५०० युरोंचं दाखवावं लागे. फेब्रुवारी २०२३ पासून एक सेंटही पुरतो. नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर कर नाही, वाटून घेतला की कर. भाच्यानं दुपारी जेवण झाल्यावर फॉर्म उघडला, पिन टाकला, सही केली आणि लाइट जायच्या आत काम संपवलं. दुसऱ्या दिवशी कंपनी जन्मली होती. गावात कुणाला दाखवायला काही नव्हतं, म्हणून मी प्रमाणपत्राचा रंगीत प्रिंट काढून दिला. पैसे घेतले नाहीत.

सातवी पायरी. आता भारतात या.

नवशिका इथंच घसरतो. त्याला वाटतं, कंपनी तिकडं झाली म्हणजे झालं. पण नागऱ्यात राहणाऱ्या माणसानं परदेशी कंपनीचे शेअर घेणं ही रिझर्व्ह बँकेच्या भाषेत परदेशातली थेट गुंतवणूक आहे, इंग्रजी आद्याक्षरांत ओडीआय, आणि तिला ऑगस्ट २०२२ चे नियम लागतात. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर पाठवायची मुभा आहे. भाच्याची रक्कम त्या मर्यादेसमोर बांधीतल्या एका लोंबीएवढी. तरी पैसे बँकेतूनच गेले पाहिजेत, त्यासाठी ए-२ फॉर्म, गुंतवणुकीचा एफसी नावाचा फॉर्म, आणि त्या कंपनीसाठी रिझर्व्ह बँकेकडून एक क्रमांक.

आम्ही शहरातल्या एका बँकेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांना भाचा म्हणाला, "सर, ओडीआयसाठी आलो." साहेबांचा चेहरा खुलला. "आज मॅच आहे का जी? कोणासंग?" गैरसमज दूर झाल्यावर त्यांनी मॅनेजरकडे पाठवलं. मॅनेजर सज्जन. त्यांनी एस्टोनिया हा शब्द दोनदा विचारून वहीत लिहून घेतला आणि म्हणाले, परकीय चलनाचं काम आमच्या शाखेत होत नाही, नागपूरला जावं लागेल. नागपूरच्या तीन खेपा झाल्या. भांडवल एक युरो होतं. ते पाठवायची पाठवणावळ, त्यावरचा जीएसटी आणि तीन वेळचं एसटी भाडं मिळवलं तर त्या एका युरोनं गोंदिया-नागपूर रस्त्यावर पुष्कळ रोजगार निर्माण केला.

पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत कंपनीचा कामगिरी अहवाल. आयकर विवरणात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात तिची नोंद. ती लपवली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. त्या कंपनीनं तिसऱ्या देशात आणखी एक कंपनी काढायची नाही, सावकारी करायची नाही. हे सगळं गोंदियातल्या सीएसाहेबांनी चहा गार होईस्तोवर सांगितलं. मग चष्मा काढून विचारलं, "काम कुठं बसून करता?"

"पडवीत."

"निर्णय कोण घेते?"

"मीच. कधी मामाले विचारतो."

"मंग कंपनी नागऱ्याचीच झाली ना जी!"

ते थट्टा करत नव्हते. कायद्यात एक कलम आहे. कंपनीची नोंदणी कुठंही असो, तिचा कारभार खरोखर जिथून चालतो तो देश भारत असेल, तर ती कंपनीही आयकरापुरती इथली निवासी. वर्षाची उलाढाल ५० कोटींच्या आत असलेल्यांना खात्यानं यातून वगळलंय, तेव्हा भाच्याला इतक्यात घोर नाही. पण इथं बसून केलेल्या कामाच्या कमाईवर इथला कर चुकत नाही. दोनदा भरावा लागू नये म्हणून भारत नि एस्टोनियात २०११ चा करार आहे.

"आणि जर्मनीवाल्याले बिलच पाठवाचं होतं," सीएसाहेब पुढे म्हणाले, "तर जीएसटीत सेवेची निर्यात शून्य दराची आहे. हमीपत्र भरून इथूनच युरोत बिल फाडता आलं असतं. कंपनी काढली काहून?"

भाच्यानं खाली बघत सांगितलं, की भारताचं बिल पाहिलं की तिकडचे लोक चार प्रश्न विचारतात, युरोपातलं पाहिलं की विचारत नाहीत. सीएसाहेबांनी मान हलवली. हे त्यांना पटलं. जर्मनीवाल्यांचे ते चार प्रश्न वाचवण्यासाठी भाच्यानं आजवर किती प्रश्नांना उत्तरं दिली, हे मी मोजत होतो. वीसपर्यंत आलो आणि दुसरा चहा आला.

परवा पहिलं बिल गेलं. वरती टालिनचा पत्ता, खाली भाच्याची डिजिटल सही. त्यानं एंटर दाबलं तेव्हा अंगणात कोंबड्या होत्या आणि बहीण सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं विचारलं, "झाली का तुही कंपनी?" तो म्हणाला, "झाली." ती म्हणाली, "मंग जा, बोडीवरून म्हैस घेऊन ये."

मी दुकानात परतलो तर सात-बारा हातात घेऊन अकरा माणसं बसलेली. धान विक्रीच्या नोंदणीचा हंगाम सुरू झालाय. नवशिक्यांसाठी त्याचाही मार्गदर्शक लिहायला घेतला आहे. तो तीन भागांत येईल.